जुन्या विद्युत सिगारेटींची क्षीणता : निदानाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे यंत्र जुने झाले म्हणजे ते मंदावते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु ते काळाने मंदावले की जन्मतःच मंद होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विद्युत सिगारेट, म्हणजेच व्यवहारात ई-सिगारेट म्हणून ओळखले जाणारे उपकरण, या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे. त्याचा प्रत्यक्ष बाजारी इतिहास जेमतेम दोन दशकांचा असून तेवढ्या अवधीत त्याच्या कित्येक पिढ्या झाल्या; आणि प्रत्येक पिढीच्या वापरणाऱ्यांची मुख्य तक्रार एकच होती, ती अशी की, यंत्रातून पुरेसे काही येत नाही. तक्रार एक असली तरी तिचे कारण मात्र प्रत्येक पिढीत निराळ्या ठिकाणी वसत होते. प्रस्तुत लेखात या कारणांचा व ती शोधण्याच्या प्रयत्नांचा कालक्रमाने विचार केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एका जुन्या भेदाचा आश्रय घेतला आहे. चरकसंहितेत व्याधींचा विचार करताना ‘निज’ व ‘आगंतु’ असा भेद केला आहे. शरीरातील दोषांच्या वैषम्यातून उपजणारी व्याधी ती निज आणि आघातादि बाह्य कारणांनी जडणारी ती आगंतु. यंत्राच्या बाबतीतही जी क्षीणता त्याच्या रचनेतच आहे ती निज म्हणता येईल, आणि जी झीज, मळ, अयोग्य जोडणी किंवा अयोग्य वापर यांमुळे आली ती आगंतु. आगंतु क्षीणता दुरुस्तीने जाते. निज क्षीणता केवळ नवी रचना करूनच घालविता येते. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे निदान चुकते, आणि इतिहासलेखनही चुकते.

आणखी एक खुलासा संज्ञेविषयी करणे अवश्य आहे. या यंत्रातून जे बाहेर पडते ते धूर नव्हे, कारण तेथे ज्वलन होत नाही; आणि ती शुद्ध वाफही नव्हे. तापलेल्या द्रवाची वाफ थंड हवेत येताच पुन्हा सूक्ष्म थेंबांत रूपांतरित होते व त्या थेंबांचा मेघ दिसू लागतो. म्हणून ‘तुषार’ हा शब्द अधिक यथार्थ होय. इंग्रजीत मात्र वाफ या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप होऊन ‘व्हेप’ हे क्रियापद रूढ झाले. त्याचे नाम म्हणून आढळणारे एक आरंभीचे रूप रॉब स्टेप्नी यांच्या १९८३ मधील एका लेखात असून तेथे ते कल्पित उपकरणाच्या संदर्भात आले आहे. पुढे २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी हाच शब्द त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. वस्तू बाजारात येण्याआधी तिच्या वापराचा शब्द जन्माला यावा, हे या उपकरणाच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्यच मानावे लागेल.

२. पूर्वरूपे

विजेच्या उष्णतेने द्रव्याची वाफ करून ती श्वासाबरोबर घेण्याच्या साधनाचे पेटंट जोसेफ रॉबिन्सन यांनी १९२७ मध्ये अमेरिकेत मागितले व ते त्यांना १९३० मध्ये मिळाले. या साधनाचा हेतू औषधी द्रव्ये घेण्याचा होता. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूररहित व तंबाखूरहित सिगारेटचे पेटंट मागितले व ते १९६५ मध्ये मंजूर झाले. त्यांच्या रचनेत बॅटरीच्या साहाय्याने तापलेली, दमट व सुवासिक हवा ओढण्याची योजना होती. निकोटीन तीत नव्हते. या दोन्ही रचना बाजारात रुजल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या क्षीणतेची वा सामर्थ्याची परीक्षा नित्याच्या वापरात झालीच नाही. एवढे मात्र निश्चित की, खिशात मावेल अशा आकारात पुरेशी ऊर्जा साठविणारी व पुनःपुन्हा भरता येणारी लिथियम-आयन बॅटरी त्या काळी उपलब्ध नव्हती. ती सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. कल्पना व साधन यांच्यामधील हे अंतर ध्यानात घेतले म्हणजे गिल्बर्ट यांच्या कल्पनेला चार दशके का थांबावे लागले याचा एक भाग उलगडतो.

या दोहोंच्या मध्ये एक भिन्न प्रयत्न झाला. संगणकक्षेत्रातील एक अग्रणी फिल रे आणि वैद्यक व्यावसायिक नॉर्मन जेकबसन यांनी १९८० च्या सुमारास ‘फेव्हर’ नावाची सिगारेट तयार केली. तीत वीज नव्हती, अग्नीही नव्हता. नळीतील निकोटीनयुक्त बोळ्यावरून हवा ओढली की, निकोटीन आपोआप उडून येई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८७ मध्ये ती मान्यता नसलेले औषध ठरविल्याने तिचा बाजार संपला. उष्णतेवाचून होणारे बाष्पीभवन भोवतालच्या तापमानावर अवलंबून राहते. यास्तव या रचनेची क्षीणता निज होती, आणि कोणत्याही दुरुस्तीने ती जाण्यासारखी नव्हती.

३. होन लिक यांची रचना व पहिली पिढी

आजच्या उपकरणाचा सलग इतिहास चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांच्यापासून सुरू होतो. शेनयांग येथे काम करीत असताना त्यांनी २००३ मध्ये आपल्या रचनेचे पेटंट मागितले आणि २००४ मध्ये ती चीनच्या बाजारात आली. तिचे ‘रुयान’ हे नाव ‘धुरासारखे’ या अर्थाचे आहे. होन यांच्या आरंभीच्या रचनेत पिझोइलेक्ट्रिक घटकाच्या अतिद्रुत कंपनांनी द्रवाचे तुषार करण्याची योजना होती. दाट द्रव अशा कंपनांना सहजी दाद देत नाही. पुढील उपकरणांत तापलेल्या तारेच्या वेटोळ्याने द्रवाची वाफ करण्याची पद्धती सर्वत्र रूढ झाली व कंपनपद्धती मागे पडली. क्षीणतेच्या इतिहासातील हे पहिले रचनांतर होय.

पहिल्या पिढीच्या सामान्य यंत्राचे तीन भाग असत: सिगारेटच्या जाडीची बॅटरी, वेटोळे असलेला ॲटोमायझर आणि द्रवाने भिजविलेल्या तंतूंचा बोळा असलेली कार्ट्रिज. बोळा ॲटोमायझरमधील धातूच्या जाळीदार पुलाला टेके आणि त्या पुलावरून द्रव वेटोळ्यापर्यंत झिरपे. या मार्गात अडथळ्याच्या जागा अनेक होत्या. बोळा पुलाला नीट टेकला नाही तर द्रव पोहोचत नसे. बोळ्याचा वरचा थर कोरडा पडला तर आतला द्रव असूनही निरुपयोगी ठरे. आणि उलट बोळा जास्त दाबला गेला तर वेटोळे द्रवात बुडून गुरगुर आवाज येई व वाफ होत नसे. म्हणजे द्रवाचा अभाव व द्रवाचा अतिरेक या परस्परविरुद्ध कारणांचे बाह्य लक्षण एकच होते. वापरणारा दोन्ही वेळी ‘ओढले तरी येत नाही’ असेच म्हणे.

त्यात भर म्हणजे या पिढीच्या बहुतेक बॅटऱ्यांत कळ नसे. झुरक्याबरोबर होणारा हवेच्या दाबातील फरक ओळखून एक संवेदक विद्युत्प्रवाह सुरू करी. द्रव झिरपून संवेदकापर्यंत गेला किंवा हवेचे छिद्र मळाने बुजले की, तो उशिरा जागा होई. झुरक्याचा पहिला भाग त्यामुळे फुकट जाई. अशा वेळी बॅटरी भरलेली, वेटोळे शाबूत, द्रव मुबलक, आणि तरीही तुषार अल्प, अशी स्थिती उत्पन्न होई. बोटाने दाबावयाची कळ पुढील पिढीत प्रचारात आली तेव्हा या एका कारणाचे निराकरण झाले.

४. विद्युत्प्रवाहाचे गणित

क्षीणतेची चर्चा आरंभी अनुभवाच्या भाषेत होत असे. ती मापनाच्या भाषेत आली ती ओहमच्या नियमाचा आधार घेतला गेल्यावर. वेटोळ्याला मिळणारी शक्ती म्हणजे विद्युतदाबाच्या वर्गाला रोधाने भागून येणारी संख्या. लिथियम-आयन घटाचा दाब पूर्ण भरलेला असता ४.२ व्होल्ट, सरासरीने ३.७ व्होल्ट आणि उतरताना ३.३ व्होल्टपर्यंत वा त्याहूनही खाली येतो. वेटोळ्याचा रोध २.४ ओहम धरला तर ४.२ व्होल्टला ७.३५ वॅट, ३.७ व्होल्टला ५.७ वॅट आणि ३.३ व्होल्टला सुमारे ४.५ वॅट शक्ती मिळते. याचा अर्थ असा की, दाब जेमतेम एक-पंचमांशाने उतरला तरी शक्ती सुमारे ३८ टक्क्यांनी घटते. दाबाचे नियमन न करणाऱ्या बॅटरीचे यंत्र सकाळी जोमदार व संध्याकाळी मलूल भासे ते यामुळे. यात बिघाड काहीच नव्हता. तो घटाचा स्वभाव होता.

वयोमानाने मात्र घटात खरा बदल होतो. त्याची साठवणशक्ती घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. अंतर्गत रोध वाढलेला घट स्वस्थ असताना मोजला तर दाब पूर्ण दाखवितो, परंतु प्रवाह सुरू होताच तो दाब कोसळतो. म्हणून भाराशिवाय घेतलेले माप जुन्या यंत्राच्या परीक्षेत दिशाभूल करते. थंडीतही अंतर्गत रोध वाढत असल्याने तेच यंत्र हिवाळ्यात अधिक दुबळे वाटते.

तिसरा मुद्दा जोडांचा. बॅटरी व ॲटोमायझर यांच्या जोडातील आट्यांवर द्रव व मळ साचून तेथे थोडा रोध उत्पन्न होतो. तो ०.२ ओहम आहे असे समजावे. २.४ ओहमच्या वेटोळ्याला ३.७ व्होल्ट दाबाखाली मिळणारी शक्ती त्यामुळे ५.७ वरून सुमारे ४.९ वॅटवर येते. घट सुमारे १५ टक्क्यांची. पण वेटोळे ०.५ ओहमचे असेल तर हीच शक्ती २७.४ वरून १४ वॅटवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. मळ तोच, जोड तोच. परंतु नव्या धाटणीच्या वेटोळ्यावर त्याचा परिणाम कितीतरी पटींनी जास्त. जुन्या पिढीत क्षुल्लक असलेला दोष पुढील पिढीत प्रमुख कसा बनतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

अशी सरमिसळ शक्य झाली ती जोडांच्या समानतेमुळे. चीनमधील जॉयटेक कंपनीच्या ५१० या नमुन्याचा जोड हळूहळू सर्वमान्य झाला व ‘पाच-दहा’ या अर्थाने त्याचे नाव रूढ झाले. या जोडाची लांबी ५ मिलिमीटर व त्यावर १० आटे म्हणून ५१०, असा अर्थ वापरणारांमध्ये प्रचलित आहे. नाव मुळात नमुन्याचा क्रमांक असून मापावरून लावलेला हा अर्थ मागाहून जुळविलेला दिसतो. भाषाशास्त्रात ज्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात तिचाच हा प्रकार. याउलट १८६५० या घटाच्या नावात मात्र १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी ही मापे खरोखरच अंतर्भूत आहेत. नावे सारखी दिसली तरी एक वर्णनात्मक व दुसरे केवळ ओळखीचे, हे विसरता कामा नये. तसेच जोड सारखा असला तरी यंत्रे परस्परांना अनुरूप असतीलच असे नाही. जुन्या, अल्प प्रवाह देणाऱ्या बॅटरीवर नवे अल्परोधी वेटोळे बसविले म्हणजे जी क्षीणता दिसते ती दोहोंपैकी कोणाचीच नसून विजोड मीलनाची असते. जोड फार आवळल्याने त्यामधील मधला खुंट खाली दबून संपर्क तुटणे, हाही याच समान जोडाचा एक नित्याचा दोष होता.

५. वात, द्रव आणि काजळी

वेटोळ्यातून जाणारी वात द्रव शोषून आणते. हे कार्य केशाकर्षणाचे असून त्याची मीमांसा लुकास यांनी १९१८ मध्ये व वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये केली होती. त्यांच्या सूत्रानुसार वातीत द्रव चढण्याचा वेग द्रवाच्या दाटपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. या यंत्रातील द्रव मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण असते. यांपैकी पहिल्याचा उत्कलनबिंदू सुमारे १८८ अंश व दुसऱ्याचा २९० अंश सेल्सिअस आहे. आणि सामान्य तापमानाला ग्लिसरीन हे ग्लायकॉलच्या सुमारे वीसपट दाट असते. ग्लिसरीनने तुषार घनदाट दिसतो, म्हणून वापरणारे त्याचे प्रमाण वाढवीत. परंतु जुन्या यंत्राची बारीक सिलिका वात तो दाट द्रव वेळेवर पोहोचवू शकत नसे, आणि अल्प शक्तीचे वेटोळे त्याला पुरेसे तापवू शकत नसे. अधिक मेघाच्या आशेने केलेला बदल अशा रीतीने मेघच कमी करी.

समईची निगा राखणाऱ्या घरांत ही सर्व कारणे पूर्वापार ठाऊक आहेत. तेल थंडीने थिजले, वात फार घट्ट वळली, तेलाची पातळी खाली गेली, किंवा वातीच्या टोकाला काजळी धरली, की ज्योत मंदावते. विद्युत सिगारेटच्या वेटोळ्यावर जे काळे कीटण साचते त्यालाही मराठीत काजळी हाच शब्द चपखल लागू पडतो. मात्र त्यात एक भेद आहे. समईची काजळी वातीच्या ज्वलनातून येते. वेटोळ्याची काजळी द्रवातील गोडी व सुवास आणणारी द्रव्ये तापून व विघटित होऊन येते. ही काजळी वेटोळे व वात यांच्यामध्ये आवरण निर्माण करते. तार तापते, पण उष्णता द्रवाला नीट पोहोचत नाही. शक्तीचे माप यथास्थित आणि तुषार मात्र अल्प व जळकट, असे लक्षण आढळले म्हणजे दोष विजेत नसून काजळीत आहे असे अनुमान करावे.

तारेच्या धातूचा इतिहास या यंत्राहून जुना आहे. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा कांथल हा मिश्रधातू स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोव यांनी सिद्ध केला. घरगुती शेगडीसाठी घडलेले हे धातू सिगारेटच्या जाडीच्या नळीत आले. म्हणजे तापविण्याचे साधन फार पूर्वीपासून सिद्ध होते. उणीव होती ती ऊर्जेच्या साठ्याची व द्रवाच्या पुरवठ्याची.

६. प्रयोगशाळेतील साक्ष

आतापर्यंतचे विवेचन दृश्य तुषारापुरते होते. परंतु हे यंत्र घेणाऱ्याला मेघ नको असून निकोटीन हवे असते, विशेषतः तो सिगारेट सोडू इच्छित असेल तर. या दृष्टीने जुनी यंत्रे किती क्षीण होती याची मोजदाद २०१० मध्ये झाली. न्यूझीलंडमधील ख्रिस बुलेन व सहकारी यांनी रुयानच्या १६ मिलिग्रॅम कार्ट्रिजची परीक्षा केली. रक्तातील निकोटीनचे सर्वोच्च प्रमाण मिलिलिटरमागे १.३ नॅनोग्रॅम आढळले. सामान्य सिगारेटने तेच १३.४ नॅनोग्रॅमपर्यंत गेले. त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया येथील थॉमस आयझेनबर्ग यांनी दोन यंत्रे तपासली असता दहा झुरक्यांनंतरही रक्तातील निकोटीनमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही. ही यंत्रे बिघडलेली नव्हती. नवीन, भरलेली व नियमानुसार वापरलेली होती. त्यांची क्षीणता निज होती, याचा यापेक्षा सबळ पुरावा मिळणे कठीण.

तथापि यंत्राबरोबर वापरणाराही परीक्षेस उतरतो. ग्रीक हृद्रोगतज्ज्ञ कॉन्स्टंटिनोस फार्सालिनोस यांच्या २०१३ मधील निरीक्षणात सराईत वापरणारांचा झुरका सुमारे ४ सेकंदांचा, तर सिगारेट ओढणारांचा सुमारे २ सेकंदांचा आढळला. पाच वॅटचे वेटोळे दोन सेकंदांत १० ज्यूल ऊर्जा देते, आणि तीतील बराच भाग तार, वात व भोवतालचा द्रव तापविण्यातच खर्च होतो. सिगारेटच्या सवयीने आखूड झुरका घेणाऱ्यास यंत्र दुबळे वाटे, आणि तेच यंत्र सराईतास पुरेसे वाटे. हाही एक आगंतु दोषच. मात्र तो यंत्राच्या बाहेरचा.

क्षीणतेचा परिणाम केवळ गैरसोयीचा नव्हता. बुलेन यांच्या २०१३ मधील चाचणीत पहिल्या पिढीची यंत्रे दिलेल्यांपैकी ७.३ टक्के लोकांनी सहा महिने सिगारेट सोडलेली आढळली. निकोटीनच्या पट्ट्या वापरणारांत हे प्रमाण ५.८ टक्के होते व दोहोंतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. पीटर हायेक व सहकारी यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुन्हा भरता येणारी, दुसऱ्या पिढीची यंत्रे होती. तेथे एक वर्षानंतर ही प्रमाणे अनुक्रमे १८ टक्के व निकोटीनच्या इतर साधनांबाबत ९.९ टक्के अशी आली. दोन्ही चाचण्यांत मार्गदर्शनाची व्यवस्था व लोकसमूह भिन्न असल्याने सर्व फरक यंत्राच्याच पदरी घालता येत नाही. परंतु दुबळ्या यंत्रावरून काढलेला निष्कर्ष सबळ यंत्रास लावणे अप्रस्तुत ठरते, एवढे त्यांवरून सिद्ध होते.

७. उपाय आणि अतिरेक

क्षीणतेवरील पहिले उपाय कारखानदारांकडून न येता वापरणारांकडून आले. ब्रिटनमधील टेड व मॅट रॉजर्स यांनी २००८ मध्ये ‘स्क्रूड्रायव्हर’ हे मोठ्या घटाचे यंत्र तयार केले. अशा फेरफार केलेल्या यंत्रांना ‘मॉड’ हे नाव पडले. त्यानंतर बोळ्याच्या जागी द्रवाची पारदर्शक टाकी आली, सिलिकाच्या जागी कापसाची वात आली, आणि घट उतरला तरी वेटोळ्याला ठरावीक शक्ती देणारी नियामक मंडले आली. अमेरिकेतील इव्हॉल्व्ह कंपनीने २०१४ मध्ये निकेलच्या तारेच्या बदलत्या रोधावरून तिचे तापमान ओळखून शक्ती आवरणारे मंडल आणले. फार्सालिनोस यांच्या २०१४ मधील तुलनेत ९ वॅटच्या नव्या यंत्राने पहिल्या पिढीपेक्षा ३५ ते ७२ टक्के अधिक निकोटीन रक्तात पोहोचले. तरीही सिगारेटची गती त्याला गाठता आली नव्हती.

परंतु शक्ती वाढविणे हा प्रत्येक क्षीणतेवरील उपाय नव्हे. वात कोरडी असताना शक्ती वाढविली तर द्रवाच्या बाष्पीभवनात खर्च होणारी उष्णता तारेतच राहते, तापमान झपाट्याने चढते आणि द्रव विघटित होतो. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील रसायनशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या पत्रात ५ व्होल्ट दाबाखाली फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली, तर ३.३ व्होल्टला ती आढळली नाहीत. त्यावर फार्सालिनोस यांनी त्याच वर्षी असे दाखविले की, अशी प्रमाणे कोरड्या वातीच्या स्थितीत येतात आणि तो झुरका इतका जळकट असतो की, वापरणारा तो टाळतो. वाद पुढे चालू राहिला. निदानाच्या दृष्टीने त्यातून निघणारे तात्पर्य मात्र निर्विवाद आहे. द्रवाचा पुरवठा ही क्षीणतेची जागा असता विजेचा पुरवठा वाढविणे म्हणजे रोग ओळखण्यापूर्वी औषधाची मात्रा वाढविणे होय.

याहून मोठे वळण २०१५ मध्ये आले. अमेरिकेतील ज्यूल या यंत्राने शक्ती वाढविण्याचा मार्गच सोडून दिला. यंत्र लहान, मेघ अल्प. परंतु द्रवात निकोटीन बेंझोइक आम्लाबरोबर क्षाररूपात व मिलिलिटरमागे सुमारे ५९ मिलिग्रॅम इतके. क्षाररूपामुळे घशाला होणारा दाह कमी झाला व एवढी मात्रा सुसह्य झाली. मेघाची क्षीणता आणि निकोटीनची क्षीणता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून उघड झाले. निकोटीनची क्षीणता दूर झाली आणि तिचे फळ प्रौढ धूम्रपीडितांपुरते मर्यादित राहिले नाही. अमेरिकेत माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्ये ई-सिगारेटचा वापर २०१७ मधील ११.७ टक्क्यांवरून २०१८ मध्ये २०.८ टक्क्यांवर गेला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात तेथील सर्जन जनरल यांनी तो साथीचा प्रकार असल्याचे जाहीर केले. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघून त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यान्वये या उपकरणांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांस बंदी घालण्यात आली.

८. उपसंहार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी धूमपानाचे विवेचन आहे. तेथे धूमनेत्र, म्हणजे धूर ओढण्याची नळी, लांब व तीन पर्वांची असावी असे सांगून त्याचे कारणही दिले आहे. दुरून आलेला, पर्वांनी अडविलेला व नळीने विरळ केलेला धूर इंद्रियांना बाधत नाही. सम्यक् धूमपानाच्या लक्षणांबरोबर न्यून व अतिरिक्त धूमपानाची लक्षणेही तेथे नोंदविली आहेत. धूर मंद होणे हा त्या रचनेत दोष नसून हेतू होता. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशान्वये, २०१६ पासून द्रवातील निकोटीनची मर्यादा मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम ठरविली, तीमागील तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. पहिल्या पिढीच्या यंत्रांतील क्षीणता कोणी हेतुपूर्वक घातली नव्हती. परंतु ती असेपर्यंत सिगारेट सोडू पाहणाऱ्याचे नुकसान होत होते व नवख्याचे आपोआप रक्षण होत होते; ती गेली तेव्हा दोन्ही परिणाम उलटले. ‘दोष दूर झाला’ या वाक्याचा अर्थ कोणासाठी दूर झाला, हे सांगितल्यावाचून पूर्ण होत नाही.

संग्रहात आलेल्या जुन्या यंत्राचे परीक्षण करणाराने यावरून क्रम ठरवावा. प्रथम यंत्राची पिढी निश्चित करावी व तिची निज मर्यादा काय होती हे समजून घ्यावे. मग घट तपासावा. त्याचा दाब भाराखाली मोजावा, आणि घट फुगलेला किंवा गळका असेल तर तो भरण्याचा किंवा उघडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण लिथियमच्या घटाला आग लागण्याचा धोका असतो. त्यानंतर जोडांवरील मळ व दबलेला खुंट, पुढे वेटोळ्याचा रोध, वातीवरील काजळी, द्रवाचा दाटपणा व तपकिरी झालेला रंग, आणि शेवटी हवेचा मार्ग व संवेदक पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केल्यास यंत्र सुधारले तरी कारण कळत नाही.

हा क्रम पाळल्यावर जी क्षीणता उरेल ती त्या यंत्राच्या काळाची समजावी. ती दूर करण्यासारखी नसते. ती नोंदविण्यासारखी असते.